मदत हवी आहे: जुन्या लाल टेलिफोन बॉक्सचा रंग कसा काढायचा?

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे फाउंड्रीतली, बिडाच्या कामातली बरीच माणसं आहेत म्हणून विचारतेय.

मी इंग्लंडात, सॉमरसेटमधल्या एका लहान गावात राहते. चर्चच्या भिंतीला लागून एक लाल टेलिफोन बॉक्स आहे, आतला फोन कधीचाच गेला. आमच्या पॅरिश कौन्सिलने (आपली ग्रामपंचायतच समजा) तो बीटीकडून (ब्रिटिश टेलिकॉम, इथली फोन कंपनी) दत्तक घेतलाय, एका पाउंडात. हो, एकच पाउंड, २००८ पासून तशी स्कीम आहे. मीटिंगमध्ये मी उत्साहाच्या भरात "माझे बाबा कोल्हापूरला फाउंड्रीत होते" असं बोलून गेले आणि दुरुस्तीचं लोढणं माझ्याच गळ्यात आलं.

बॉक्स के६ मॉडेलचा आहे. राजा पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवासाठी १९३५ मध्ये जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या आर्किटेक्टने केलेलं डिझाइन, सगळं बिडाचं, वजन पाऊण टनाच्या आसपास, फक्त दरवाजा सागवानी. त्याच्या आधीचा के२ पण स्कॉटचाच, पण तो बोजड आणि महाग म्हणून बहुतेक लंडनातच राहिला, गावोगावी पोचला तो के६. आणि गंमत म्हणजे स्कॉटने के२ ला बाहेरून चंदेरी रंग सुचवला होता! लाल हा पोस्ट ऑफिसचा हट्ट (तेव्हा फोन त्यांच्याकडेच होते). तेव्हा खेड्यातल्या लोकांना तो लाल डोळ्यात खुपायचा, काही निसर्गरम्य ठिकाणी तर करडा रंग देऊन फक्त खिडकीच्या पट्ट्या लाल ठेवायला परवानगी होती. नंतर १९८५ च्या सुमारास बीटीने हेच बॉक्स काढायला घेतले तर तीच जनता वाचवायला धावली, आता दोन हजारांच्या वर बॉक्स लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित आहेत.

असो, मुद्द्यावर येते. रंगाचे इतके थर चढलेत की वरचा मुकुट म्हणजे नुसता गोळा झालाय. मुकुटाच्या कमानी गोल असतील तर ट्यूडर मुकुट, म्हणजे १९५३ च्या आधीचा बॉक्स. मधे खाली दबल्या असतील तर एलिझाबेथ राणीच्या काळातला. मला काहीच कळत नाहीये. हीट गन लावू का? की केमिकल स्ट्रिपर? एका शेजाऱ्याने ग्राइंडर आणून दिलाय, तो बघूनच भीती वाटते. दरवाजा पण खाली बसलाय आणि तो जास्त उघडू नये म्हणून जो चामड्याचा पट्टा असतो तो तुटलाय.

प्रतिसाद १
ग्राइंडर आधी परत देऊन टाक ताई. जुन्या थरांत शिसं असणार हे धरूनच चाल, कोरडं घासलंस तर सगळी धूळ फुफ्फुसात. हीट गनने शिशाची वाफ पण होते आणि बीड एकाच जागी तापलं तर तडकतं ते वेगळंच. स्ट्रिपर लाव, पोपडे ओले असतानाच खरवड, मास्क नीट बसणारा घे, कचरा साध्या डब्यात टाकू नको. मग लगेच झिंक फॉस्फेट प्रायमर, उघडं बीड एका रात्रीत गंजतं, तुमच्याकडच्या हवेत तर नक्कीच.

प्रतिसाद २
थांबा थांबा, आधी तो लिस्टेड आहे का बघा, हिस्टॉरिक इंग्लंडच्या यादीत ऑनलाइन सापडतं. असेल तर काउंटीच्या कन्झर्व्हेशन ऑफिसरला एक मेल टाकूनच हात लावा. लाल म्हणजे कुठलाही लाल नाही, 'करंट रेड', ब्रिटिश स्टँडर्ड नंबर ५३९. आणि मुकुट सोनेरी करायची फॅशन नव्वदच्या दशकातली, आधी तोही लालच असायचा.

धागाकर्ती
दोघांचे आभार! यादीत नाव नाही, हुश्श. स्ट्रिपर लावून मागे तळाशी थोडं खरवडलं तर 'कॅरन' अशी ओतीव अक्षरं निघाली. स्कॉटलंडातली फाउंड्री, १७५९ ची, एकेकाळी तोफा ओतायची. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ते पंधरा मिनिटं नुसते अक्षरांच्या कडाच बघत बसले, म्हणाले "हातोडी अजिबात लावायची नाही, मुकुट मी सांगेन तेव्हाच खरवड". मुकुट राहिलाय. दरवाजासाठी सागवानात काम करणारा सुतार कुणी ब्रिस्टलकडचा माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.