हिलरमनची नवाहो मालिका: थेट 'द फॉलन मॅन'पासून सुरुवात चालेल का?

रात्रवाचक: अमेरिकेतल्या नवाहो या मूलनिवासी जमातीच्या पोलिसांवरच्या टोनी हिलरमनच्या रहस्यमालिकेतलं 'द फॉलन मॅन' (१९९६) हाताशी आहे, आधीचं एकही वाचलेलं नाही. पोलीस अधिकारी लीपहॉर्न निवृत्त झालाय, तरी त्याच्या हाताखाली काम केलेला जिम ची त्याला इतका का बिचकतो? आणि खुनाचा संशय आला की लगेच एफबीआयचं नाव का निघतं? असंच पुढे रेटू की मागे जाऊ?

आडवाट: रहस्यापुरतं मागे जायची गरज नाही. शिप रॉक या सुळक्याच्या माथ्याजवळ सापडलेला सांगाडा, अकरा वर्षांपूर्वी बेपत्ता झालेला माणूस, हे इथेच सुरू होतं, इथेच मिटतं. माणसांचं तसं नाही. हे बारावं पुस्तक. पहिल्या तीनांत लीपहॉर्न, पुढच्या तीनांत जिम ची, आणि 'स्किनवॉकर्स' (१९८६) पासून दोघं एकत्र. ची आता हंगामी लेफ्टनंट आहे, पण जुना साहेब समोर आला की पुन्हा हाताखालचा होतो. ती गंमत मागचं वाचल्याशिवाय पोचत नाही.

मी तर हे बाजूला ठेवून सातवं, म्हणजे 'स्किनवॉकर्स', आणि आठवं ('अ थीफ ऑफ टाइम', १९८८) आधी वाचा म्हणेन. उलटं वाचलंत तर लीपहॉर्नच्या बायकोच्या दुखण्याचा सातव्यातला सगळा ताण फुकट जातो, कारण निकाल बाराव्यात उघड आहे.

ध्रुव_७: एफबीआयबद्दल: जमातीसाठी राखीव प्रदेशात मूलनिवासी आरोपीने केलेला खून १८८५ च्या मेजर क्राइम्स ॲक्टमुळे फेडरल, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतला गुन्हा ठरतो. घटनास्थळी आधी पोचतात ते नवाहो पोलीस, माग काढतात तेही तेच, पण केस एफबीआयची. म्हणून ची कायम दुसऱ्याच्या केसमध्ये लुडबुड करताना दिसतो. शिप रॉक पवित्र, त्यावर चढायला १९७० पासून बंदी, हेही ध्यानात असू द्या.

मालिकेत कुठेही उत्तरेच्या भिंतीला भगदाड पडलेलं ओसाड हॉगन (नवाहोंचं पारंपरिक घर) आलं की थांबा. आत कोणी मेलं तर प्रेत तिथून बाहेर काढतात आणि घर सोडून देतात, कारण मेलेल्यातलं वाईट तेवढं, चिंडी, मागे उरतं. मृताचं नावही टाळतात. साक्षीदार गप्प बसला म्हणजे लपवतोयच, असं धरू नका.

आडवाट: आणि वेळा जुळवताना सांभाळा: उन्हाळ्यात नवाहो प्रदेश घड्याळ तासभर पुढे करतो, ॲरिझोनाचा बाकी भाग आणि होपी या दुसऱ्या जमातीचा प्रदेश करत नाहीत. बर्नाडेट मॅन्युएलिटो या पुस्तकात पहिल्यांदा येते, तिला नुसती दुय्यम समजू नका. २०१३ पासून लेखकाची मुलगी ॲन हिलरमन मालिका पुढे लिहितेय, त्यात मध्यवर्ती तीच आहे.