कॅव्हनाचा व्हिक्टोरिया क्रॉस : कनौजीलालचं काय?

गोमतीकाठ : ९ नोव्हेंबर १८५७ च्या रात्री, बंडवाल्यांनी वेढलेल्या लखनौच्या इंग्रज रेसिडेन्सीतून दोघे निघाले, कारकून टॉमस कॅव्हना आणि जासूद कनौजीलाल. आत अडकलेला सेनानी आउट्रम, त्याचं पत्र त्यांनी सुटकेला येणाऱ्या सेनापती कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेपर्यंत पोचवलं. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्यपदक मात्र एकट्या कॅव्हनाला. मला हा उघड अन्याय वाटतो.

जुनी बखर : सहमत नाही. नुसतं पत्र न्यायला कनौजीलाल एकटा पुरेसा होता; दोघे गेले तर पकडले जायचा धोका जास्त, म्हणून तर तो कॅव्हनाला बरोबर घ्यायला कचरत होता. पण २५ सप्टेंबरला सुटकेला आलेली हॅवलॉकची पहिली इंग्रज फौज शहरातून घुसली आणि ५३५ माणसं मेली किंवा जायबंदी झाली. पुन्हा तसं होऊ नये, तर शहर माहीत असलेला, सेनापतीच्या प्रश्नांना समोर बसून उत्तरं देणारा माणूस हवा होता. हुकूम नसताना कॅव्हना स्वतःहून पुढे आला.

गोमतीकाठ : आणि त्याला जिवंत पोचवलं कोणी? गोरा, उंच माणूस. तोंड, मान, हात तेलात कालवलेल्या काजळीने रंगवलेले. गोमती ओलांडली ती कपडे डोक्यावर बांधून. लोखंडी पुलाजवळ अधिकाऱ्याने हटकलं तेव्हा कनौजीलाल उजेडात गेला, कॅव्हना मागे सावलीत राहिला. पुढे वाट चुकून दलदलीत शिरले, तिथे हातांवरचा रंगच धुऊन गेला. अशा वेळी वेष नव्हे, सोबत्याची जीभ वाचवते.

रोजनामा : नियम बघा. क्रॉसच्या १८५६ च्या मूळ फर्मानात फक्त लष्कर आणि आरमार होतं. डिसेंबर १८५८ मध्ये ते बंडाविरुद्ध स्वयंसेवक म्हणून शस्त्र धरणाऱ्या मुलकी लोकांसाठी वाढवलं. बिहारमधल्या आऱ्याच्या मोहिमेतले मुलकी अधिकारी मँगल्स आणि मॅक्डोनेल त्यातच बसले. हिंदी शिपायांनासुद्धा क्रॉस १९११ पर्यंत बंद होता. १८३७ पासूनचं ऑर्डर ऑफ मेरिट हे पदक हिंदी शिपायांपुरतं, जासूदाला तेही दार नाही.

गोमतीकाठ : म्हणजे तुलना झालीच नाही. एकाचं नाव विचारातच येऊ शकत नव्हतं.

अवधवासी : लखनौत बंडाचं नेतृत्व करणाऱ्या बेगम हजरत महलच्या बाजूने बघा, दोघेही शत्रूचेच हस्तक. कनौजीलालच्या मानासाठी आपण का भांडायचं?

गोमतीकाठ : मान द्या असं नाही म्हणत. त्या रात्रीचा हिशेब पुरा लिहा, एवढंच.

जुनी बखर : तेवढं मान्य. तरीही कॅव्हनाचं काम छावणीत संपलं नाही. तो वाटाड्या म्हणून फौजेबरोबर परत आला, आणि कॅम्पबेल गल्ल्या टाळून दिलकुशा, सिकंदरबागेवरून १७ नोव्हेंबरला आउट्रमला भेटला. हा भाग कनौजीलालच्या खात्यावर टाकता येत नाही.