मदत हवी आहे: पोलो विकून व्हर्टस घ्यावी का?

मंडळी, कोल्हापुरातल्या फोक्सवॅगनवाल्यांचं मत हवंय. माझ्याकडे पोलो जीटी टीडीआय, म्हणजे डिझेलवाली पोलो आहे. आंबा घाटात तिसऱ्या गिअरवर वळणातून बाहेर पडताना टर्बो जागा झाला, की 250 एनएम टॉर्कचा जो जोर लागतो, त्याने आजही मन भरतं. पण 2020 ला बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक नियम आले आणि कंपनीने इथली डिझेल इंजिनं बंद केली. 2022 ला पोलोच गेली. आपल्या चाकणला बनणारी, आवाक्यातली आणि चालवायला खरी मजा देणारी हॅचबॅक! 2025 ला गोल्फ जीटीआय आणली, ती पन्नास लाखांच्या वर. आमच्यासारख्या हौशी लोकांनी आता या ब्रँडकडे का बघायचं, हेच कळेना झालंय.

व्हर्टस 1.5 टीएसआय ही पेट्रोल सेदान चालवून बघितली. 150 पीएसचं इंजिन झकास आहे, पण मला पोलोचा आटोपशीरपणा जास्त भावतो.

पोलोवरून व्हर्टसवर गेलेल्यांनो, गगनबावड्याच्या वळणांवर तसाच भरवसा वाटतो का? की पोलोच सांभाळू? इंजेक्टर, सस्पेन्शनचे पार्ट सध्या सहज मिळतात का? आणि उद्यमनगरात टीडीआयचा जाणकार मेकॅनिक असेल तर नक्की कळवा.