आठ दिवसाच्या लेकराचं हार्टचं ऑपरेशन, रक्त कायले लागते?

कपाशीवाला_दारव्हा
बहिणीचं लेकरू आठ दिवसाचं हाये, वजन २ किलो ८००. निळं पडत होतं म्हणून नागपूरले नेलं तर डॉक्टर म्हणे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नसा उलट्यापालट्या लागल्या हायेत, ऑपरेशन लवकर करा लागते, रक्ताची सोय ठेवा. एवढ्याश्या जिवाले रक्त कायले? आमचा बुढा म्हणते बाहेरचं रक्त नको, मामाचंच द्या. मी तयार हावो पण माह्यं सरळ लेकराले देत नाही म्हणे. काहून?

मशीनवाला
मी ओटीत हार्ट-लंग मशीन चालवतो, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हृदय अन् फुफ्फुसाचं काम करणारं मशीन. हिशोब बघा भाऊ, बाळाच्या अंगात किलोमागे ८०-८५ मिली रक्त, म्हणजे तुमच्या भाच्याचं सगळं मिळून २३० मिलीच्या आसपास. मशीनच्या नळ्या अन् ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग), म्हणजे सगळं सर्किट, आधी भरून घ्यावं लागतं, जुन्या सर्किटला तर बाळाच्या अख्ख्या रक्तापेक्षा जास्त लागायचं. नुसतं सलाईन भरलं तर ताकात पाणी टाकल्यासारखं रक्त पाणचट होतं, मेंदूला ऑक्सिजन पुरत नाही, म्हणून पिशवीतलं रक्त घालतो. आता मशीन टेबलाला चिकटून लावतात, नळ्या आखूड अन् बारीक, काही ठिकाणी १०० मिलीच्या आसपास भागतं. शेवटी फिल्टरने जास्तीचं पाणी काढून घट्ट रक्त बाळालाच परत. तरी अजिबात रक्त लागणार नाही असं कोणी छातीठोक सांगत असेल तर मी नाही मानणार.

आयसीयूवाली_ताई
मामाचं रक्त का नाही ते सांगते. जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाळाचं शरीर आपल्याच समजतं, हाकलत नाही, मग त्याच बाळावर उलटतात. क्वचित होतं, पण झालं तर जिवावरचं, म्हणून असं रक्त आधी त्याला रेडिएशन दिल्याशिवाय बाळाला देत नाहीत. आपल्याकडं सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारपण आहे, वाहकाचं रक्त नवजात बाळाला टाळतात.
अन् ऑपरेशननंतर तपासणीचं रक्तही मोजूनच, बाळाचे २ मिली म्हणजे मोठ्या माणसाचे ४० समजा. आम्ही छोट्या ट्यूब वापरतो, लाईनमधून (नसेत घातलेल्या नळीतून) आधी ओढलेलं रक्त फेकत नाही, परत सोडतो.

कपाशीवाला_दारव्हा
बुढ्याले ताकाचं सांगतलं, लगेच समजलं त्याले. माही सिकलची टेस्ट कधी झालीच नाही, उद्या करतो अन् चार पोट्टे घेऊन रक्तपेढीत जातो. मशीनवाले भाऊ, सर्किट किती मिलीचं हाये हे डॉक्टरले इचारलं तं राग तं नाही येणार?

मशीनवाला
बिनधास्त इचारा. डॉक्टर घाईत असले तर मशीनवाल्यालेच गाठा, आम्हाले कोणी काही इचारतच नाही.