मदत हवी आहे: १३७००के रेंडरला बसला की १०० अंश. ३६०चं लिक्विड घेऊ की एअर कूलरच ठेवू?

खटपट्या

मंडळी, प्रोसेसर आय७-१३७००के. त्यावर दोन टॉवरचा एअर कूलर: सहा हीटपाइप, १२० एमएमचे दोन फॅन. कॅबिनेटला पुढे काच, तिच्यामागे हवा आत घेणारे दोन फॅन, मागे बाहेर फेकणारा एक. काम मुख्यतः ब्लेंडरचं, सीपीयूवर रेंडर, एकेक तीन-चार तासांचं.

खोलीत ३१ अंश. सिनेबेंच आर२३ (सीपीयूला पूर्ण ताण देणारी चाचणी) लावलं की पॅकेज पॉवर, म्हणजे चिप ओढते ती वीज, २६० वॉटच्या वर जाते, टेंपरेचर १००ला टेकतं, मग क्लॉक पडतात आणि वॉट २४०च्या आसपास घुटमळतात. गेममध्ये ६५-७०, तिथे तक्रार नाही.

३६०चं लिक्विड (३६० एमएम रेडिएटरचा पाण्याचा कूलर) लावलं तर किती अंश उतरतील? २४० पुरेल का? कॅबिनेटमध्ये पुढे ३६० बसतं, वर फक्त २४०.

जुना_रेडिओ

खटपट्या, आत्ताच्या आकड्यांवरून "किती अंश" सांगता येणार नाही. १०० ही या चिपची मर्यादा आहे. तिथे पोचली की ती स्वतःच वॉट कमी करते. उद्या चांगला कूलर लावलात तर ती जादा वॉट ओढेल आणि कदाचित पुन्हा १००लाच जाऊन बसेल. "लिक्विड लावूनही काही फरक नाही" म्हणणारे बरेच जण इथेच फसतात. फरक पडलेला असतो, पण तो वॉटमध्ये आणि क्लॉकमध्ये.

दुसरं, २६०च्या वर जातंय म्हणजे मदरबोर्डाने मर्यादा सोडून दिली आहे. इंटेलचा कमाल टर्बो आकडा २५३ वॉट. बायोसमध्ये पीएल१ (लांब लोडची वॉटमर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळापुरती वॉटमर्यादा) बघा, ४०९६ दिसलं तर समजा कुंपणच नाही. काही बोर्ड सुरुवातीला कूलरचा प्रकार विचारतात आणि वॉटर कूलर निवडला की मर्यादा उठवून मोकळे होतात. बायोसमध्ये आहातच तर आवृत्तीही बघा. १३व्या-१४व्या पिढीच्या व्होल्टेजच्या दुखण्यावर इंटेलने २०२४मध्ये मायक्रोकोड (बायोससोबत येणारी चिपसाठीची दुरुस्ती) दिले, निदान ०एक्स१२बी तरी हवा. कूलर कितीही भारी असला तरी ते दुखणं त्याने बरं होत नाही.

आता मोजणी नीट करा. पीएल१ आणि पीएल२ दोन्ही १५० वॉट. फॅनचा वेग एकच ठेवा, ज्या आवाजात तुम्ही रोज काम करता तोच. पूर्ण वेगावरची तुलना कागदावर छान दिसते, तीन तास शेजारी बसवत नाही. सिनेबेंच ३० मिनिटं चालवा आणि शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममधून घ्या. थर्मामीटर पुढच्या फॅनसमोर ठेवा, खोलीच्या कोपऱ्यात नको. मग बाजूचं पॅनल काढून तेच सगळं पुन्हा.

टिचकी

यात एक भर. लोड सुरू झाल्यावर पहिल्या दोन सेकंदांत पारा कुठे उडी मारतो ते लिहून ठेवा. ती उडी चिप, पेस्ट आणि कूलरच्या तळाची. त्यानंतर काही मिनिटं जी हळूहळू चढण लागते ती फिन्स, फॅन आणि कॅबिनेटमधल्या हवेची. १५० वॉटलाच क्षणात ८०-८५ गाठून तिथे सपाट राहिलं तर रेडिएटर केवढाही लावा, अडथळा त्याच्या अलीकडे आहे.

तसं निघालं तर कूलर उचलून पेस्टचा ठसा बघा. एलजीए१७०० या सॉकेटचं (चिप बसते ती जागा) कुलूप चिपला लांब बाजूंच्या मधोमध दाबतं, त्यामुळे हीट स्प्रेडर (चिपवरचं धातूचं झाकण) मध्ये किंचित खोलगट होतो. दोन्ही टोकांना पेस्ट पुसल्यासारखी पातळ आणि मध्ये जाड राखाडी थर राहिला असेल तर तळ मध्ये टेकतच नाहीये. त्यावर कॉन्टॅक्ट फ्रेम, म्हणजे त्या कुलपाऐवजी बसणारी चौकट, हा उपाय. स्क्रू तिरप्या जोडीने, थोडे थोडे, बोटांच्या जोरापुरतेच. जास्त आवळले तर रॅमचा एखादा चॅनल गायब होतो. आणि हो, तळावरची प्लॅस्टिकची फिल्म काढली होती ना? हा प्रश्न विचारल्याबद्दल राग नसावा, विचारावाच लागतो.

खटपट्या

फिल्म काढली होती :) पीएल दोन्ही ४०९६च होते. १५० वॉटचे आकडे, खोली ३१:

पॅनल लावून ७६. पॅनल काढून ७१. पॅनल लावून पण पुढची काच काढून ७२.

आयडल ३८, लोड देताच ६०, मग आठेक मिनिटांत ७६पर्यंत चढलं.

टिचकी

२२ अंशांची उडी ठीक आहे. कूलर उघडू नका.

जुना_रेडिओ

मग दोषी काच. फॅन तिच्यामागे श्वास कोंडून बसलेत. हिशोब बघा: ७६ वजा ३१ म्हणजे ४५, भागिले १५०, वॉटमागे ०.३० अंश. काच काढल्यावर ४१ भागिले १५०, साधारण ०.२७. हाच आकडा पुढे ओढा. २५३ वॉटला काचेसह ३१ अधिक ७६, म्हणजे १०७. तो येणं शक्यच नाही, म्हणून थ्रॉटल, म्हणजे चिप स्वतःच क्लॉक पाडते. काच काढून सुमारे ९९, अगदी काठावर. २०० वॉटला काच काढून ८५. हिशोब ढोबळ आहे, वॉट वाढले की तो थोडा बिघडतो, पण निर्णयाला पुरतो.

चांगल्या दोन टॉवरच्या एअर कूलरपुढे २४०चं लिक्विड जवळपास बरोबरीचं, फार तर दोन-तीन अंश पुढे. त्यासाठी बदल करू नका. ३६० मात्र २५० वॉटच्या लांब लोडवर साधारण पाच ते दहा अंशांनी पुढे राहतं. १५० वॉटला हाच फरक आक्रसतो. पण तोच ३६० त्या काचेमागे बसवलात तर पैसे काचेला दिल्यासारखे.

कुंपणावरचा

लिक्विडची बाजू कोणीतरी घ्यायला हवी. एअर कूलर कॅबिनेटच्या आतली हवा घेतो, पुढे लावलेला रेडिएटर बाहेरची ताजी. ग्राफिक्स कार्ड ३०० वॉट ओतत असेल तेव्हा हे फार जाणवतं.

जुना_रेडिओ

मान्य. पण इथे रेंडर सीपीयूवर आहे, कार्ड तेव्हा निवांत. शिवाय पुढे रेडिएटर म्हणजे कार्डाला त्यातून तापून आलेली हवा, गेममध्ये त्याचा पारा वर. आणि टॉवरचे फॅन व्हीआरएमवरून (बोर्डाचा चिपला वीज पुरवणारा भाग) जाता जाता वारा घालतात, लिक्विडमध्ये तो फुकटचा वारा जातो. २०० वॉट तासन्‌तास ओढणार असाल तर मागचा फॅन नीट चालतोय ना तेवढं बघा.

टिचकी

तुलनांचे व्हिडिओ बघताना वेळेकडे लक्ष ठेवा. लूपमध्ये (लिक्विड कूलरमधल्या पाण्याच्या बंद फेऱ्यात) पाव लिटर पाणी धरलं तर ते १ अंश तापायला सुमारे १,०४५ ज्यूल लागतात, २५० वॉटला साधारण चार सेकंद. १५ अंश चढायला एक मिनिट, तेही रेडिएटर काहीच बाहेर टाकत नाही असं धरून. प्रत्यक्षात तो टाकत असतोच, त्यामुळे पाणी स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटंही जातात. पाच मिनिटांच्या चाचणीत लिक्विड उगाच चमकतं. तुमचं रेंडर तीन तासांचं.

तरी ३६० घ्यायचं ठरलंच तर: पुढे बसवताना नळ्या खाली ठेवा आणि रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा. लूपमधली हवा सगळ्यात उंच जागी जमते. ती जागा पंपाची असेल तर गुळगुळ आवाज येतो, पंप कोरडा फिरतो आणि लवकर मरतो. पंपाची वायर पंप हेडरला, वेग कायम पूर्ण. रेडिएटरचे फॅन सीपीयू फॅनच्या हेडरला, ते रिकामं राहिलं तर बोर्ड चालू होताना फॅन एरर देतो. फॅनचा वेग चिपच्या पाऱ्याला थेट बांधू नका, दर झटक्याला ते ओरडतील. पाण्याचं टेंपरेचर मिळत असेल तर त्यावर, नाहीतर बदलाला काही सेकंदांचा उशीर द्या. नळ्यांतून पाणी वर्षानुवर्षं झिरपून उडत राहतं, बंद लूपमध्ये ते सहसा भरता येत नाही. एअर कूलरमध्ये बिघडणारी वस्तू म्हणजे फॅन, तो दोन क्लिपांनी निघतो.

खटपट्या

काच काढून जाळीचा पुढचा भाग मागवला. पीएल१ आणि पीएल२ दोन्ही २००. अर्धा तास सिनेबेंच: ८६, क्लॉक स्थिर. स्कोअर आधीच्या १०० अंशवाल्या रनपेक्षा जेमतेम पाच टक्के कमी. पीएल२ एकटा २५३ ठेवला तर चालेल?

जुना_रेडिओ

चालेल. पण मग टाऊची वेळ, म्हणजे पीएल२ किती वेळ चालू द्यायचा ती, ५६ सेकंद आहे ना ते तपासा. काही बोर्ड तिथेही मोठा आकडा टाकून ठेवतात, मग पीएल१ लागूच होत नाही.