प्रतिसाद: पुतण्यासाठी स्नो बाईकच
भाऊ, तोरणमाळच्या घाटात डर्ट बाईक पळवणारा तुमचा पुतण्या आता कॅनडात स्नोमोबिल (पुढे दोन स्की, मागे रुंद पट्टा असलेली बर्फावरची गाडी) घेऊ की स्नो बाईक विचारतोय, तर माझं मत स्नो बाईकला. (भुसावळच्या उन्हात बसून सांगतोय, हसू नका.) ती म्हणजे डर्ट बाईकच, पुढे चाकाऐवजी स्की (बर्फावर घसरणारी पट्टी), मागे चाकाऐवजी फिरता पट्टा, क्लच-गिअर तेच, हात बसलेला. दाट झाडीतून वाकवत नेता येते, रुतली तरी काढायला हलकी. खोल भुसभुशीत बर्फातला उभा चढ आणि सामान म्हटलं, की मात्र स्नोमोबिलच. पण तिचं इंजिन बहुधा पट्ट्याने उडवलेल्या बर्फावर थंड होतं, म्हणून सैल बर्फ नसलेल्या कडक रस्त्यावर तापतं. स्नो बाईकचं उलट, गार वाऱ्यात इंजिन तापेना म्हणून रेडिएटर झाकावा लागतो. काहीही घेतलं तरी हिमस्खलनाचा बीकन (बर्फाखाली गाडलेला माणूस सिग्नलवरून शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आधी घ्यायला लावा.