प्रति: सुट्या लिथियम बॅटऱ्या पार्सलने पाठवणे

‘खोक्यावर काही लिहू नका, पार्सल निमूट जातं’ हा बॅटऱ्या पाठवण्याबद्दल वर कुणीतरी दिलेला सल्ला कृपया कुणीही पाळू नका. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत व्हॅल्यूजेट या विमान कंपनीचं ५९२ क्रमांकाचं विमान कोसळलं, ११० माणसं गेली. मालाच्या कप्प्यात मुदत संपलेले ऑक्सिजन जनरेटर (रसायनांपासून ऑक्सिजन तयार करणारे, चालू झाले की खूप तापणारे डबे) होते, त्यांच्यामुळेच आग लागली. ते रिकामे नव्हते, तरी कागदावर ‘रिकामे’ अशी नोंद होती. शिवाय त्यांना सुरक्षा टोपणंही बसवलेली नव्हती. खोक्यात काय आहे हे माल चढवणाऱ्याला फक्त त्या नोंदीवरूनच कळतं हो!

आता बॅटऱ्यांचं. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा (धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीतला) क्रमांक यूएन ३४८०, उपकरणात बसवलेल्या किंवा उपकरणासोबत दिलेल्यांचा ३४८१. नियम दोन्हींना वेगळे आहेत. सुट्या बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून जात नाहीत. मालवाहू विमानातही चार्ज ३० टक्क्यांच्या आत लागतो. प्रत्येक बॅटरीची टोकं झाकून ती वेगळी गुंडाळा, एकमेकींना टेकली की शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. आणि फुगलेली किंवा सदोष बॅटरी विमानाने पाठवायचीच नाही, कितीही घाई असो.